बर्फर्डच्या चर्चला चाळीस मिनिटे पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत इंग्लंडच्या सहलींवर लेख येऊ लागतात आणि मी ते दर वर्षी आवडीने वाचते. त्यांत लंडनचा राजवाडा असतो, टेम्स नदीवरचे पूल असतात, ऑक्सफर्डची महाविद्यालये, स्टोनहेंजचे दगड आणि शेक्सपिअरचे जन्मगाव असते. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशाचा उल्लेख निघालाच, तर तो मधाच्या रंगाची दगडी घरे आणि चहा-केकची दुकाने यांपाशी थांबतो. त्या गावांतली बहुधा सर्वांत जुनी आणि दिवसा सहसा उघडी असणारी इमारत, म्हणजे गावाचे पॅरिश चर्च, मात्र या लेखांत कधी दिसत नाही. ही उणीव लहान नाही असे मला वाटते. ती का लहान नाही, हे ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्ड या एकाच गावाच्या चर्चविषयी लिहून सांगावे, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. शक्य झाल्यास न कापता छापावे ही विनंती.

बर्फर्डला मी दोन सहलींत गेले. पहिल्यांदा, सहा वर्षांपूर्वी, एका सहल कंपनीच्या बसमधून. गावाचा मुख्य रस्ता टेकडीवरून उतरत विंडरश नदीपर्यंत जातो आणि आमची बस वरच्या टोकाला थांबली होती. मार्गदर्शकाने चाळीस मिनिटे दिली आणि खाली नदीजवळ एक चर्च आहे, पण त्यात विशेष काही नाही, असे सांगितले. आमच्यापैकी कोणीच खाली उतरले नाही. आम्ही चहा घेतला, दुकानांसमोर छायाचित्रे काढली आणि बसमध्ये येऊन बसलो. शाळेत तीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवूनही मी ते वाक्य जसेच्या तसे मान्य केले, याचा मला आज खेद होतो. दुसऱ्यांदा गेले ती गेल्या सप्टेंबरात. मुलीच्या कुटुंबाने विटनीजवळच्या एका खेड्यात आठवड्यासाठी घर भाड्याने घेतले होते आणि तिथून बर्फर्ड जवळच होते. पहिल्या दिवशी अचानक पाऊस आला म्हणून आम्ही चर्चमध्ये शिरलो. त्या आठवड्यात मी तिथे आणखी दोनदा गेले, आणि त्या दोन्ही वेळा पाऊस नव्हता.

पॅरिश या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या कक्षेत येणारी वस्ती, असा त्याचा साधा अर्थ. परंतु कित्येक शतके हीच वस्ती गावकारभाराचेही एकक होती. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम काढला. १६०१च्या कायद्याने निराधारांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि त्यासाठीचा कर गावातूनच गोळा होऊ लागला. माणूस कधी जन्मला, त्याचे लग्न कोणाशी झाले, म्हातारपणी त्याला कोणी पोसले आणि तो कधी गेला, या सगळ्याचा हिशेब या एका वास्तूभोवती फिरत होता. कॅथीड्रल हे बिशपचे आसन असते आणि पॅरिश चर्च गावाचे असते, एवढा फरक मनात धरून आत गेले की तिथे काय शोधायचे ते कळू लागते.

बर्फर्डचे चर्च सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांच्या नावाचे आहे. त्याचा मधला मनोरा बाराव्या शतकातला, अर्धगोल कमानींचा आणि बसका आहे. त्यावर पंधराव्या शतकात टोकदार शिखर चढवले गेले. दक्षिणेची तीन मजली देवडी त्याच शतकातली असून तिच्या छताच्या दगडी शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या आहेत. गावातल्या व्यापाऱ्यांच्या गिल्डचे, म्हणजे संघाचे, एक वेगळे प्रार्थनाघर शेजारी होते, तेही पुढे मुख्य वास्तूला जोडून घेतले गेले. त्यामुळे एका हाताने आखलेल्या इमारतीत असते तशी सरळ शिस्त इथे नाही. ज्या पिढीकडे पैसा आला, तिने आपला तुकडा जोडला. हा पैसा लोकरीचा होता. कॉट्सवोल्ड्सच्या मेंढ्यांची लोकर मध्ययुगात युरोपभर विकली जात असे आणि इंग्लंडच्या वैभवाचा तो इतका मोठा आधार होता, की लॉर्ड्सच्या सभागृहात अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती आजही लोकर भरलेल्या तांबड्या आसनावर बसते. पुढे लोकरीचा धंदा मंदावला, तेव्हा प्रेताला इंग्लंडमध्ये विणलेल्या लोकरी कापडाचेच कफन असले पाहिजे असे कायदे १६६६पासून करण्यात आले. प्लेगने मेलेल्यांना आणि अगदी निर्धनांना त्यातून सूट होती. चर्चच्या आवारात काही थडग्यांच्या माथ्यावर आडवे पन्हळदार दगडी गोलक आहेत. त्या लोकरीच्या गासड्या आहेत असे गावात सांगतात. खरोखरच त्या गासड्या म्हणून घडवल्या होत्या का, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण गावाने आपल्या पूर्वजांची ओळख लोकरीवरूनच पटवून घेतली, एवढे त्यातून नक्की कळते.

मला मात्र ज्या गोष्टीने थांबवले, ती या सर्व दगडी वैभवात सहज नजरेतून निसटेल अशी आहे. आत फुलांची मांडणी करत असलेल्या एक वयस्क बाई आम्हाला पाहून पुढे आल्या. आम्ही कुठून आलो, किती वेळ आहे, एवढेच त्यांनी विचारले आणि वेळ आहे म्हटल्यावर त्या आम्हाला बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी घेऊन गेल्या. कुंडाला आतून शिशाचा पत्रा आहे आणि त्या पत्र्यावर टोकदार वस्तूने कोरलेली अक्षरे आहेत. अँथनी सेडली असे नाव, १६४९ हे वर्ष आणि कैदी या अर्थाचा इंग्रजी शब्द. त्या शब्दातला एक स्वर कोरणाऱ्याने गाळला आहे. शब्द चुकला असला तरी अक्षरे घाईची नाहीत. ज्याच्यापुढे वेळच वेळ आहे आणि पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाने ती कोरली आहेत. त्या बाईंनी आमच्यासाठी दिवा लावला, बाजूला उभ्या राहिल्या आणि आमचे वाचून होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला फार योग्य वाटले.

सेडली कैदी का झाला, हे वाचकांना थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पार्लमेंटचे सैन्य जिंकले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. हे सैन्य स्वतःला भाडोत्री मानत नव्हते. आपण कशासाठी लढलो, असा प्रश्न त्यातले साधे शिपाई उघडपणे विचारू लागले होते. १६४७च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या पटनी येथे, तेही गावाच्या पॅरिश चर्चमध्ये, सेनाधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले आणि मतदानाचा अधिकार कोणाला असावा यावर त्यांनी वाद घातला. कर्नल टॉमस रेन्सबरो तिथे म्हणाला, की इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसासारखेच स्वतःचे आयुष्य जगायचे असते. म्हणून ज्या सरकारच्या अमलाखाली राहायचे, त्याला त्याची आधी संमती हवी. या विचाराच्या लोकांना त्यांच्या विरोधकांनी लेव्हलर्स, म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणू पाहणारे, असे नाव ठेवले. त्यांना ते आवडत नव्हते, पण तेच टिकले. कायद्यापुढे सर्वांची समानता, धर्माचरणाचे स्वातंत्र्य आणि मतदारांचे रुंदावलेले वर्तुळ या त्यांच्या मागण्या होत्या.

राजा गेला, पण मागण्या मान्य झाल्या नाहीत. शिपायांचा पगार थकला होता आणि आता त्यांना आयर्लंडच्या मोहिमेवर पाठवण्याचे ठरत होते. जॉन लिलबर्न आणि लेव्हलर्सचे इतर पुढारी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. मे १६४९मध्ये काही रेजिमेंटच्या शिपायांनी जाण्यास नकार दिला आणि आपल्या विचाराच्या इतरांना मिळण्यासाठी ते उत्तरेकडे निघाले. १३ मेच्या रात्री ते बर्फर्डला मुक्कामाला होते. पार्लमेंटच्याच सैन्याचे नेते ऑलिव्हर क्रॉमवेल आणि सेनापती फेअरफॅक्स यांनी दिवसभर घोडदौड करून मध्यरात्रीच्या सुमारास त्यांच्यावर झडप घातली. फारशी लढाई झालीच नाही. सुमारे ३४० जण पकडले गेले आणि गावात एवढ्यांना कोंडता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे चर्च. तिथे त्यांनी तीन रात्री काढल्या. १७ मेच्या सकाळी कॉर्नेट जेम्स टॉमसन, कॉर्पोरल पर्किन्स आणि जॉन चर्च नावाचा शिपाई या तिघांना आवारात नेऊन भिंतीसमोर गोळ्या घालण्यात आल्या. उरलेल्यांना ते पाहता यावे म्हणून चर्चच्या छपरावर उभे केले होते. हेन्री डेन या चौथ्याला ऐन वेळी क्षमा मिळाली आणि त्याने नंतर आपल्या सोबत्यांपुढे पश्चात्तापाचे प्रवचन केले. गावाच्या दफनाच्या वहीत त्या तिघांची नोंद आहे. आवारात गोळ्या घालून मारलेले तीन शिपाई, अशा आशयाची ती एक ओळ आहे. चर्चच्या हिशेबात कैदी गेल्यावर जागा साफ करण्यासाठी दिलेल्या मजुरीचीही नोंद आहे. हे दोन्ही तपशील कळल्यावर मला जे जाणवले ते पाठ्यपुस्तकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या प्रकरणाने कधीही दिले नव्हते, हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. त्या प्रकरणात राजाचा शिरच्छेद होता. ज्यांनी ते युद्ध जिंकून दिले त्या शिपायांचे पुढे काय झाले, ते नव्हते. इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मत मिळायला १९१८ साल उजाडावे लागले आणि स्त्रियांना त्यांच्या बरोबरीने ते १९२८ साली मिळाले.

आता याच चर्चमधली मोठ्या माणसांची स्मारके पाहिली पाहिजेत, कारण सेडलीच्या नावाचे मोल त्यांच्याशेजारी अधिक कळते. गावात प्रायरी नावाचा एक मोठा वाडा आहे. मूळचा तो धर्मादाय रुग्णाश्रम होता आणि आठव्या हेन्री राजाने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली तेव्हा तो एडमंड हार्मन याच्याकडे गेला. हार्मन हा राजाचा न्हावी आणि शल्यकर्मीही होता. राजाच्या गळ्याशी रोज वस्तरा धरणाऱ्या माणसावर राजाचा किती विश्वास असेल याची कल्पना करावी. राजाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. त्याने १५६९ साली उभारलेल्या स्मारकावर खाली सोळा मुलांच्या आकृत्या ओळीने कोरल्या आहेत आणि वरच्या चौकटीभोवती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या आकृत्या आहेत. इंग्लंडमधले हे त्यांचे सर्वांत जुने चित्रण असावे असे मानले जाते. समुद्रापलीकडच्या त्या लोकांना कोरणाऱ्याने बहुधा पाहिलेलेही नसेल, पण एका छोट्या गावाच्या भिंतीवर ते १५६९ साली पोहोचले होते.

हार्मननंतर काही वर्षांनी वाडा सर लॉरेन्स टॅनफील्ड या न्यायाधीशाने घेतला. तो आणि त्याची पत्नी गावात इतके अप्रिय होते की त्यांच्या प्रतिमा जाळण्याची प्रथा त्यांच्या मृत्यूनंतरही पुष्कळ वर्षे चालू होती असे सांगतात. १६२५ साली तो गेल्यावर पत्नीने कोणाचीही परवानगी न घेता चर्चमधली एक बाजू अडवून भव्य समाधी बांधली. वर रंगवलेल्या पूर्ण पोशाखात नवराबायको निजलेले आहेत आणि खाली, जाळीच्या आत, हाडांचा सापळा आहे. उशाशी त्यांची मुलगी एलिझाबेथ कॅरी गुडघे टेकून आहे. स्वतःचे नाटक छापून प्रसिद्ध केलेली पहिली इंग्रज स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. ते वर्ष होते १६१३. गावाने जिच्या आईवडिलांच्या प्रतिमा जाळल्या, त्या मुलीचा लेखनातला मान मात्र निर्विवाद आहे, आणि म्हणून त्या समाधीसमोर मी तिच्याकडेच अधिक वेळ पाहत राहिले. पायाशी नातू ल्यूशस कॅरी आहे. तो पुढे राजाच्या बाजूने लढता लढता सप्टेंबर १६४३मध्ये न्यूबरी येथे मारला गेला. त्याने त्याआधीच वाडा विकला होता, आणि तो घेणारा होता विल्यम लेंथॉल.

लेंथॉल या नावापाशी मी थबकले, कारण संसदेच्या सभापतीचे स्थान शिकवताना मी वर्गात त्याची गोष्ट अनेकदा सांगितली आहे. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स राजा सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्स सभागृहात आला आणि त्याला अटक करायचे असलेले पाच सदस्य कुठे आहेत असे त्याने सभापतीला विचारले. लेंथॉलने गुडघे टेकून उत्तर दिले, की हे सभागृह जसे सांगेल त्याखेरीज या ठिकाणी मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. वर्गात मी ही गोष्ट इथेच संपवत असे. बर्फर्डला मला तिचा उरलेला भाग भेटला. १६६० साली राजेशाही परत आली, राजाच्या खटल्यातल्या न्यायाधीशांवर खटले चालले, तेव्हा याच लेंथॉलने त्यांच्यापैकी टॉमस स्कॉट या सदस्याने सभागृहात काय म्हटले होते त्याची साक्ष न्यायालयात दिली. स्कॉटला फाशी झाली. ज्या जिभेने एकदा सभागृहाचे रक्षण केले, तीच जीभ जीव वाचवण्यासाठी फिरली. दोन वर्षांनी, १६६२मध्ये, लेंथॉल वारला आणि या चर्चमध्ये त्याला पुरले. आपल्यासाठी स्मारक उभारू नये, लिहायचेच असेल तर ‘मी कृमी आहे’ एवढे दोनच लॅटिन शब्द लिहावेत, अशी त्याची इच्छा होती. पुढच्या वेळी वर्गात उभे राहण्याची संधी मिळाली, तर मी त्याची संपूर्ण गोष्ट सांगेन. अर्धी गोष्ट ऐकून मुलांना धैर्य एकदाच दाखवायचे असते असे वाटू शकते.

ओळीने पाहिले तर न्हावी, न्यायाधीश, सरदार आणि सभापती हे एकाच वाड्याचे मालक एका चर्चमध्ये आहेत आणि ज्यांना त्या वाड्याच्या दारातही कोणी उभे केले नसते, अशांपैकी एकाचे नाव कुंडाच्या शिशावर आहे. वाड्याच्या मालकांनी दगड विकत घेतला, कारागीर लावले, रंग भरले. सेडलीने फक्त आपले नाव, वर्ष आणि आपली अवस्था लिहिली. तीनशे पंच्याहत्तर वर्षांहून अधिक काळ गावाने ते नाव घासून टाकले नाही. मला हे त्या गावाचे फार मोठे सौजन्य वाटते. लंडनमधल्या सेंट पॉल्स कॅथीड्रलला जाणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक तपशील सांगते: त्या बांधकामावर राबलेला पाथरवट क्रिस्टोफर केम्पस्टर बर्फर्डजवळच्या खाणींचा मालक होता आणि १७१५ साली वारल्यावर तोही इथेच विसावला. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली मान वर करून उभे राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याच्या गावाचे नाव ठाऊक असते.

या वास्तूशी निगडित असलेली आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना उपयोगी वाटेल. १८७६च्या उन्हाळ्यात इथे जीर्णोद्धार चालू होता. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस जवळच्याच केल्मस्कट गावी राहत असे. त्याने ते काम पाहिले आणि तो अस्वस्थ झाला. जुना गिलावा खरवडून आणि फरशा बदलून इमारत तिच्या एखाद्या कल्पित मूळ रूपात नेण्याची त्या काळी फॅशन होती. मॉरिसचे म्हणणे असे की प्रत्येक शतकाने केलेली भर हाच इमारतीचा इतिहास, म्हणून मोडेल ते दुरुस्त करावे, पण वय पुसून टाकू नये. पुढच्याच वर्षी, १८७७मध्ये, त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली आणि ती आजही काम करते. कुंडाचा पत्रा गुळगुळीत करून नवा बसवावा असे त्या काळच्या एखाद्या उत्साही माणसाच्या मनात आले असते, तर सेडली आज कुठेच नसता. मॉरिसच्या मताची ताकद मला त्या पत्र्यापुढे उभे राहून पटली.

अशा वास्तू सरकार सांभाळत असेल असा आपला समज असतो. तसे नाही. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६,००० चर्चेस आहेत, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारतींपैकी जवळजवळ निम्म्या त्यांच्यातच मोडतात, आणि त्या प्रत्येकीचे छप्पर, पन्हळ, घंटा आणि वायरिंग यांची जबाबदारी त्या त्या पॅरिशच्या मंडळावर असते. छपरावरचे शिसे चोरीला जाणे ही नेहमीची आपत्ती आहे. प्रार्थनेला येणारी माणसे कमी होत आहेत आणि येणाऱ्यांत वृद्ध अधिक आहेत. आम्हाला कुंड दाखवणाऱ्या बाई कोणाच्या पगारी नोकर नव्हत्या. फुलेही त्यांच्याच बागेतली होती. मी तिथल्या पेटीत दहा पौंड टाकले आणि माहितीपुस्तिका विकत घेतली. कोणी तसे सुचवले नव्हते आणि प्रवेशाचे शुल्कही नव्हते. पण चहासाठी जेवढे सहज खर्च होतात, तेवढे तरी आपण इथे ठेवले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या सहप्रवाशांपैकी काहींना, आपण दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात कशाला जायचे, असे वाटते. हा संकोच मी समजू शकते. पण या चर्चमध्ये मला माझा धर्म कोणी विचारला नाही आणि मला प्रार्थना करायला कोणी सांगितले नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि अधूनमधून लग्न किंवा अंत्यविधी असतो, त्या वेळी पर्यटकांनी थांबावे. एरवी टोपी काढून, आवाज खाली ठेवून आणि फोन शांत करून आत गेले की पुरेसे आहे. घाई मात्र करू नये. दारातून वळून वेदीचे एक छायाचित्र घेऊन परत निघणाऱ्याला तिथे खरोखरच विशेष काही दिसणार नाही, आणि आमच्या त्या मार्गदर्शकानेही बहुधा तेवढेच केले असावे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत कॉट्सवोल्ड्सवर लेख छापताना प्रत्येक गावाच्या चर्चसाठी एक परिच्छेद राखून ठेवावा. बर्फर्डपासून थोड्या अंतरावर स्विनब्रुकच्या चर्चमध्ये फेटिप्लेस घराण्याचे सहा पुरुष कोपरावर रेलून दोन ओळींत पहुडलेले आहेत. विडफर्डचे छोटे चर्च नदीकाठच्या शेतात एकटेच उभे आहे, कारण त्याभोवतीचे गाव केव्हाच ओसाड झाले. फेअरफर्डला मध्ययुगाच्या अखेरच्या रंगीत काचांच्या अठ्ठावीस खिडक्या धर्मसुधारणेच्या तोडफोडीतून बचावल्या आहेत. नॉर्थलीचला लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पितळी स्मृतिपट्टांवर त्यांच्या पायाशी मेंढ्या आणि लोकरीच्या गासड्या कोरलेल्या आहेत. हे सर्व दोन दिवसांत पाहून होते. दुसरी विनंती सहल आखणाऱ्यांना आहे. बर्फर्डला बस थांबवणारच असाल, तर ती दीड तास थांबवा, आणि मार्गदर्शकाला आधी एकदा टेकडी उतरून कुंडापर्यंत जाऊन येऊ द्या.

जे वाचक स्वतः आखणी करून जातात, त्यांनी जमल्यास मे महिना निवडावा. १७ तारखेच्या जवळपासच्या शनिवारी बर्फर्डला दर वर्षी लेव्हलर्स दिन पाळला जातो. लोक दुरून येतात, भाषणे आणि गाणी होतात, मिरवणूक निघते. ते तिघे जिथे पडले त्या आवारात चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावांचा फलक आहे. गर्दी ओसरल्यावर आत जावे आणि फुले मांडणाऱ्या कोणाला तरी कुंडाजवळचा दिवा लावायला सांगावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका